रस्त्यावरून न दिसणारं रान

आमच्या खालच्या रानात सकाळी चाललं की पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. रातोरात कुणीतरी पीठ चाळून गेल्यासारखी सगळी जमीन पांढरी, आणि त्या पांढऱ्याखाली बोट घातलं तर काळी माती ओली गच्च. लग्न होऊन मी कुंडलच्या बाजूला आले तेव्हा ते मीठ आहे हे मला कळलंच नाही. सासूला आमच्यात आत्ती म्हणायचं. मी आत्तींना विचारलं, "आत्ती, हितं दव पडून गोठतं काय?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दव न्हवं त्ये. रान खारलंय आपलं. तू भाकरी थाप."

मी आटपाडीकडची. आमच्या बापाची मेंढरं होती आणि मेंढरांमागं आमचं घर चालत असे. सातवीच्या पुढची शाळा एका गावाला आणि मेंढरं दुसऱ्याच गावाला, त्यामुळं शाळा सुटली ती सुटलीच. पाणी म्हणजे आमच्याकडं डोक्यावरून आणायची गोष्ट. आई भांडी राखेनं घासून कोरडीच पुसायची. अशा मुलखातून आलेल्या पोरीला सासरी पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं की इथं पाण्यानं रान मरतंय, तर तिला वाटणार काय? मला वाटलं, ही माणसं माझी चेष्टा करतायत. रात्रंदिवस नदीवरच्या पंपाची धडधड ऐकू यायची, पाट भरून वाहायचे, हौदाच्या कडेनं कोथिंबीर आपोआप उगवायची. मी पहिले काही महिने भांडी विसळलेलं पाणीसुद्धा फेकायला घाबरायचे. ते कशाच्या तरी मुळाशी घालायचे, आणि आत्ती ओरडायच्या, "अगं बाई, बास की! कढीपत्ता कुजवतीस काय आता?"

माझं लग्न जमलं तेही मी बोलत नाही या गुणावर. मध्यस्थानं सासरी सांगितलं होतं, पोरगी गरीब हाय, काळी हाय, पण तोंडातनं शब्द काढत न्हाई. हे शब्द मी आतल्या खोलीतून ऐकले होते आणि सासरी आल्यावर ते मी शपथेसारखे पाळले. मनात कायम एक धाकधूक. काही चुकलं, तर परत मेंढरांमागं. आमचे हे फौजेत, वर्षातून एकदा यायचे. पहिल्या सुट्टीवरून परत जाताना मला म्हणाले होते, "नोकरी काय जल्माची न्हाई. वरचं रान थोरल्याच्या वाटणीला जाणार, खालचं आपल्या. म्या परत यीन ते त्या रानावरच. ध्यान ठेव." माझं वय तेव्हा लग्नाला जेमतेम पुरेल इतकंच. त्या पांढऱ्या रानावर मी कसलं ध्यान ठेवणार होते?

आज मी इथं, देशाच्या पार वरच्या अंगाला, मुलाच्या क्वार्टरमध्ये बसून हे लिहिते आहे. तोही बापासारखाच फौजेत. माझ्याशी मराठी बोलणारं घराबाहेर कुणी नाही, म्हणून कागदाशी बोलते. शुद्धलेखन नातीनं बघितलं तर बघितलं.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो, गाव आबा म्हणायचा. उंच माणूस, आवाज बारीक, पण सगळं घर त्या बारीक आवाजाकडं कान लावून असायचं. त्यांची सगळी प्रतिष्ठा पाण्याच्या पाळीत होती. नदीवरून उपसलेलं पाणी एकेका रानाला पाळीनं मिळायचं. ते वाटणारा माणूस म्हणजे पाटकरी, पांडूतात्या. आदल्या दिवशी तो सायकलवरून ओरडत जायचा, "उद्या तुमचं सुटलं गाऽ!" मग फावडी निघायची. रानाला पाणी हवंय का, असं कुणी कधी विचारल्याचं मी ऐकलं नाही. पाळी आली की घ्यायची. एकानं सोडली तर भावकी म्हणायची, बसलं म्हणायचं ह्यांचं घर, पाणी धरायला माणूस उरला न्हाई. म्हणून ओल्या रानातसुद्धा मामा पाणी सोडायचे. पाणी तिथंच उभं राहायचं, चार दिवसांनी वाळायचं आणि मीठ वर यायचं. मीठ धुऊन जावं म्हणून पुढच्या पाळीला आणखी पाणी. सगळा गाव असंच करत होता.

मी आले त्या वर्षी त्यांनी शिवाप्पा भट्टीवाल्याला चार माणसांत शब्द दिला होता. यंदाचा गहू आला नाही तर खालच्या रानाची माती विटांसाठी न्यायची. माती नेली की रान म्हणून खड्डा उरतो. शेजारच्या गावात तसे खड्डे मी बघितले होते. हिरवं पाणी, लव्हाळा आणि म्हशी.

त्या उन्हाळ्यात बाई आल्या. जीपमधून उतरून त्यांनी पारावरच्या लोकांना सरळ विचारलं, "या गावात सगळ्यात वाईट रान कुणाचं?" पाराकडून आमच्या घराकडं एकदम पाच-सहा बोटं वळली म्हणे. मामांना ते झोंबलं. पण का कोण जाणे, थोडं बरंही वाटलं असावं, कारण त्यांनी बाईंना बाहेरचा सोपा राहायला दिला. बाईंचं नाव डॉक्टर जुबेदा. नाव ऐकून आत्तींनी वेगळी कपबशी काढून ठेवली. थंडीपर्यंत ती कुठली हे त्यांना स्वतःलाच ओळखू येईना, आणि तो विषय कुणी न काढताच संपला.

डॉक्टर म्हटल्यावर बायका लेकरं घेऊन यायला लागल्या. बाई म्हणायच्या, "अगं, मी मातीची डॉक्टर." त्यांनी लोखंडाची दोन रुंद कडी आणली होती, एकात एक बसणारी. ती जमिनीत ठोकायची, पाणी भरायचं आणि पाणी किती वेळात मुरतं ते घड्याळ लावून बघत बसायचं. आमच्या रानात ते मुरायचंच नाही. बाई छत्री धरून दिवसभर बसून. पांडूतात्या बांधावरून विचारायचा, "बाई, पाण्याला बोहल्यावर बसवलंय व्हय? मुहूर्त कवाचा?" बाई घड्याळावरची नजर न काढता म्हणायच्या, "नवरी रुसलीय, पांडूतात्या. तुम्हीच लाडावून ठेवलीत." एवढं हजरजबाबी बोलणारी बाई मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

जेवायला त्या चुलीजवळच यायच्या. माझ्या हातचं हुलग्याचं माडगं त्यांना फार आवडायचं. इथल्या लोकांना ते गरिबाचं खाणं वाटायचं, म्हणून मी घाबरत घाबरत केलं होतं, तर त्यांनी वाटी पुढं करून पुन्हा मागितलं. खाता खाता त्या बोलत. मिरजेत त्यांच्या वडिलांचं तंबोरे करायचं दुकान. लहानपण भोपळ्यांच्या राशीत गेलेलं. भोपळा आतून पुरता वाळलाय की नाही हे वडील टिचकी मारून सांगायचे, आणि त्याच्या भिंतीत पाणी कुठं दडून बसतं हे डोळ्यांनी बघायची या पोरीला हौस. घरात सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. पुढं शेतकीच्या कॉलेजात गेली तर तिथं सगळे खतं आणि बियाणं शिकणारे. मातीच्या कणांत पाणी कसं चालतं, कुठं अडतं, खालून वर कसं चढतं, या विषयाला वर्गात ती एकटी. मास्तर म्हणाले, बाईमाणसानं खड्ड्यात उतरायचं नाही, माणसं माती आणून देतील, तू टेबलावर बघ. "पण उकरून आणलेली माती म्हणजे पाडलेलं घर गं," बाई मला म्हणाल्या. "विटा बघून कळतं का, माणसं कुठल्या खोलीत राहत होती?" मग सुट्टीच्या दिवशी ती एकटी कुदळ घेऊन जायची आणि स्वतःचा खड्डा स्वतः खणायची. त्यापायी लग्नं मोडली दोन. हे सांगताना त्या भाकरीचा पापुद्रा सोलत होत्या.

त्यांनीच मला पहिल्यांदा नीट सांगितलं की आमच्या रानात मीठ वरून पडत नव्हतं, खालून येत होतं. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं जमिनीतलं पाणी मातीतून वर चढतं. ऊन पाणी घेऊन जातं आणि मीठ ठेवून जातं. पाणी वरून ओतून उपयोग नाही, खालून काढायला हवं. आमच्या भागात हे तोवर कुणी केलेलं नव्हतं. कुंभाराकडून त्यांनी भाजलेल्या मातीचे नळ करून घेतले, हातभर लांबीचे. रानात पुरुषभर खोल चर मारून ते एकापुढं एक मांडले, वर काथ्या आणि वाळू. रानाच्या दोन पट्ट्या होत्या. आतल्या पट्टीतून चर निघायचा, बाहेरच्या, म्हणजे रस्त्याकडच्या पट्टीखालून जायचा आणि रस्त्याच्या मोरीतून ओढ्याला मिळायचा. दोन पट्ट्यांच्या मध्ये एक बांध, त्यावर शेवरीची झाडं. मामा चरात वाकून बघायचे आणि म्हणायचे, "घर बांधताना बी एवडं खणलं न्हवतं." पावसाळ्यात नळाच्या तोंडातून पाणी सुरू झालं. बाईंनी ओंजळ लावून चाखलं आणि मलाही चाखायला लावलं. कडूजहर. त्या मात्र एखाद्या पोरीसारख्या हसत होत्या. "थुंक, थुंक! तुझ्या रानाचं दुखणं आहे ते."

गहू पेरला आणि उगवला. तो सारखा उगवलेला बघायला आत्ती दिवसातून दोनदा जायच्या. मग बाईंनी मामांना एकच गोष्ट सांगितली. या पाळीला पाणी घेऊ नका. जमिनीत गव्हाला पुरेल एवढी ओल आहे. वरून भरलंत तर नळाला ते ओढवणार नाही, सगळं पुन्हा पहिल्यासारखं होईल. मामा म्हणाले, "व्हय." तेवढ्यात मिरजेहून सांगावा आला की त्यांच्या अब्बांना दवाखान्यात ठेवलंय. बाई जाताना मला म्हणाल्या, "पारू, लक्ष ठेव." सगळ्यांनी मलाच लक्ष ठेवायला सांगावं असं माझ्यात काय होतं, मला आजही कळत नाही.

पाळीच्या सकाळी मी न्याहारी घेऊन रानात गेले तर रस्त्यावर भावकीतली सात-आठ माणसं उभी. पांडूतात्या सायकलला पाय टेकून विचारत होता, "मग आबा, म्होरं सोडू म्हणता? बाईनं दिली न्हवं सुट्टी?" कुणीतरी म्हणालं, "आवं सोडा की. आबांच्या घरात आता बाईचा कायदा." सगळे हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी फावडं उचललं आणि रस्त्याकडच्या पट्टीचं पाणी अडवणारं मातीचं दारं मोडलं. पाणी धावत आत शिरलं. मी डोक्यावरची पाटी घेऊन तशीच उभी. बाहेरची पट्टी भरत आली तसे मामा मधल्या बांधाकडं चालू लागले, आतलं दारं मोडायला. माझ्या डोळ्यांपुढं काय काय येऊन गेलं सांगता येत नाही. हिरवं पाणी, लव्हाळा, यांचं ते "ध्यान ठेव". मी त्यांच्यामागं गेले. शेवरीच्या आडोशाला पोचल्यावर माझ्या तोंडातून आवाज निघाला, "मामा, आतलं तरी ऱ्हाऊ द्या. आतलं रस्त्यावनं दिसत न्हाई."

मामा वळले. सासऱ्याशी रानात, समोरासमोर, त्यांच्या मनातलं वाचून बोललेली ती पहिली वेळ. त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं. मग त्यांनी दाऱ्यावर आणखी चार फावडी माती टाकून ते पक्कं केलं, फावडं तिथंच रोवलं आणि न्याहारीला हात न लावता घरी निघून गेले. रस्त्यावरच्या माणसांना दिसलं ते एवढंच, की आबांनी पाणी घेतलं.

त्या दिवसापासून मामा माझ्याशी बोलायचे थांबले. रागावले असते तर बरं झालं असतं. समोर मी असले तरी ते आत्तींना म्हणायचे, "तिला सांग, पाणी ठेव." मी मनातून गाठोडं बांधून बसले होते. कुठल्या सकाळी मला माहेरी घालवायला निघतील याची वाट बघत.

बाई परत आल्या तेव्हा निदान त्या तरी पाठीवर हात ठेवतील असं वाटलं होतं. त्यांनी रान बघितलं आणि त्या खालीच बसल्या. "हे काय केलंत? एका पट्टीत पाणी, एका पट्टीत नाही, आणि मधून ते पाझरणार. आता जे होईल ते नळामुळं झालं की कशामुळं, हे मी कसं सांगू? वर्षभराचं काम, पारू!" मी म्हटलं, "बाई, सगळंच भरनार हुते." त्या म्हणाल्या, "मग सगळं भरू द्यायचं. मला नळ हरला असं तरी लिहिता आलं असतं." तेव्हा मला त्यांचा फार राग आला. आता वाटतं, आयुष्यभर ज्या बाईला टेबलावर माती बघ म्हणून सांगितलं, तिला पहिल्यांदा मिळालेलं ते अख्खं रान होतं. त्याचे दोन तुकडे झालेले बघून ती दुसरं काय म्हणणार? त्याच आठवड्यात त्यांचे अब्बा गेले. दफन करून तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा रानात होत्या, तीच छत्री, तेच घड्याळ. जेवायला मात्र चुलीजवळ येईनात. ताट मी सोप्यात नेऊन ठेवायचे आणि अर्धं परत आणायचे.

बाहेरची पट्टी आधी पिवळी पडली, मग पांढरी. आतल्या पट्टीत गहू मांडीपर्यंत आला आणि ओंब्या भरल्या. फार नाही, पण भरल्या. बाई बांधावर उभ्या राहून एकदा इकडं, एकदा तिकडं बघायच्या.

सुगीला शिवाप्पा ट्रॅक्टर घेऊन आला. रस्त्याला पुन्हा तीच माणसं. त्यानं बाहेरची पट्टी बघितली आणि तो खूष होऊन म्हणाला, "आबा, शब्दाप्रमानं उचलू आता." मामा म्हणाले, "बाहेरलं ने. आतलं न्हाई." त्यावर बाई पुढं झाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "आबा, बाहेरची माती गेली की तिच्याखालचा नळ गेला. आतलं पाणी बाहेर पडायला दुसरी वाट नाही. दोन वर्षांत आतलं रानही असंच होईल. द्यायचं तर दोन्ही द्या, नाहीतर एकही देऊ नका."

मामांचा चेहरा मी विसरणार नाही. नुसत्या नावासाठी पाणी घेणारा तो माणूस. चार माणसांत दिलेला शब्द त्याच चार माणसांत मागं घ्यायचा होता. शिवाप्पानं ओळखलं. म्हणाला, "आबा, तुमचा शब्द म्हंजे दगडावरची रेघ, असं मी समदीकडं सांगतोय. आता बायकांच्या सांगन्यावर फिरनार व्हय?"

मामा म्हणाले, "व्हय. फिरलो."

एवढंच. ट्रॅक्टर मोकळा गेला. त्यानंतर कितीतरी महिने मामा पारावर बसायला गेले नाहीत. गेले असते तर काय ऐकावं लागलं असतं हे त्यांना माहीत होतं. घरातही ते आणखी गप्प झाले. मी रान वाचवलं असं मला एक दिवसही वाटलं नाही. मी या माणसाला गावात मान खाली घालायला लावली, असंच वाटत राहिलं.

ते रान आहे अजून. यांच्या माघारी पुतण्या करतो. दर थंडीत मी इथून फोन करून त्याला विचारते, "पांढरं पडलंय का रं?" तो वैतागतो, "काकी, तुमी आदी माझी ख्यालीखुशाली तरी इचारा." बाईंनी पुढं कितीतरी गावांत नळ घातले. त्यांच्या विषयाचे वर्ग निघाले, त्यांनी लिहिलेलं शिकून पोरं साहेब झाली. त्या वारल्या तेव्हा पेपरात बातमी आली होती, बोटभर.

आमच्याकडची त्यांची मुदत पावसाळ्याच्या तोंडाला संपली. रानात पुरलेली, ओल सांगणारी, काटा फिरणारी यंत्रं त्यांनी उपटून पेटीत भरली, कॉलेजची होती ती. मी म्हटलं, "आता ओल कशी कळायची?" त्यांनी मला रानात नेलं, कोपरापर्यंत उकरायला लावलं आणि तिथली माती मुठीत देऊन म्हणाल्या, "दाब. आता सोड. गोळा चकचकीत राहिला तर पाणी नको. टिचला तर थांब. भुगा झाला तर दे." मी विचारलं, "आनि चुकलं तर?" त्या म्हणाल्या, "चुकतं. माझंही चुकतं. रान लगेच बोलत नाही, हीच तर पंचाईत आहे." मग बऱ्याच महिन्यांनी पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि जीपमध्ये बसल्या.

पुढच्या थंडीत पुन्हा गहू होता. पांडूतात्या सायकल दाराशी लावून ओरडला, "आबा, खालच्या रानाचं काय? घेताय न्हवं?" मामा सोप्यात तंबाखू मळत होते. मी आत पीठ मळत होते. रस्त्यानं माणसं चालली होती, ती रेंगाळली. मामा मान वर न करता म्हणाले, "मला काय इचारतुस? सुनंला इचार."

पांडूतात्याला ती चेष्टा वाटली. तो हसला, मग त्यानं सायकल रानाकडं वळवली. माझ्या हाताचं पीठ तसंच. पदर खोचून मी रानात गेले, मागं सायकल ढकलत तो. मी उकरलं, मूठ दाबली, सोडली. गोळा चकचकीतही नव्हता आणि धड टिचतही नव्हता. मी पुन्हा दुसरीकडं उकरलं. तसाच. विचारायला बाई कुठं होत्या? मागं वळून बघितलं तर रस्त्यावर मामा येऊन उभे होते, माझ्याकडं पाठ करून, भावकीकडं तोंड करून. मी म्हटलं, "या खेपंला नको." आवाज इतका बारीक निघाला की पांडूतात्या म्हणाला, "काय?" मग मला ओरडावं लागलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मामा वळले नाहीत. तसेच पाठमोरे म्हणाले, "ऐकलंस न्हवं? म्होरं ने पानी."

पाणी पुढं गेलं. गहू ओंबीवर येईपर्यंत मी रोज सकाळी रानात जाऊन उकरत होते आणि मूठ दाबून बघत होते.